साडेचार आणि सात वर्षांच्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे शैक्षणिक खेळ: निवडताना काय बघायचं?

पारिजात

नमस्कार मंडळी,

मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा सातचा. दोघांसाठी काही शैक्षणिक खेळ लॅपटॉपवर टाकून द्यायचे आहेत. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम, टचस्क्रीन नाही. खेळताना नेट बंद ठेवायचा विचार आहे.

मुलगी दहापर्यंत आकडे घडाघडा म्हणते, पण सात-आठ वस्तू मोजायला दिल्या की एखादी दोनदा मोजते नाहीतर एखादी सुटते. अक्षरं थोडीफार ओळखते. मुलगा वीसच्या आतल्या बेरजा बोटांवर करतो, वाचन अजून अडखळत.

शोधायला गेलं की प्रत्येक खेळावर ‘शैक्षणिक’ लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या शब्दावरून निवड करता येत नाही. खेळ मुलांच्या हातात देण्याआधी मोठ्यांनी त्यात नेमकं काय तपासायचं? वयाचे आकडे कितपत धरायचे? छोटीला माऊस जमत नाही, तर तिच्यासाठी थांबावं का? नावं सुचवलीत तर ती का, हेही लिहा.

शून्य_ते_नऊ

वयाच्या आकड्यापासून सुरू करतो, कारण गल्लत बहुतेक तिथेच होते. युरोपातलं पेगी आणि अमेरिकेतलं ईएसआरबी ही रेटिंग्ज खेळात हिंसा, भीतीदायक दृश्यं, शिवीगाळ, जुगार असलं काही आहे का, हे सांगण्यासाठी असतात. खेळ सोपा की अवघड, याच्याशी त्यांचा संबंध नाही. बुद्धिबळाच्या खेळावर ‘पेगी ३’ असलं म्हणून तीन वर्षांचं मूल बुद्धिबळ खेळेल असं नव्हे. वर्णनात ‘३ ते ८ वर्षं’ वगैरे लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा बनवणाऱ्यांनी स्वतःच ठरवलेलं असतं, आणि एवढी मोठी पट्टी दिसली की गिऱ्हाईक वाढवायला ती ताणलेली आहे असं समजायला हरकत नाही. अपवाद आहेत. ज्या खेळात पायऱ्या खरोखर वेगवेगळ्या असतात आणि मोठ्यांना त्या निवडून देता येतात, तिथे मोठी पट्टी खरी असू शकते.

आता मुख्य मुद्दा. खेळात पुढे जाण्यासाठी मुलाला डोकं कशात घालावं लागतं, ते बघा. गाडी पळवायची, मध्ये गाडी थांबवून एक बेरीज विचारली जाते, उत्तर दिलं की गाडी पुन्हा सुटते. या खेळात मजा गाडीत आहे आणि बेरीज म्हणजे वाटेतला अडथळा. मूल अडथळा लवकरात लवकर हटवायला शिकतं, बेरीज नाही. याउलट आकड्यांच्या सरळ रेषेवर बेडूक चारवर बसलाय, त्याला सातवर जायचंय, किती उड्या मारायच्या ते तुम्ही सांगायचं. इथे उडी हीच बेरीज आहे. बेरीज वगळून हा खेळ खेळताच येत नाही. हा फरक एकदा दिसायला लागला की निम्मे खेळ आपोआप गळतात.

तुमच्या मुलीसाठी ही सरळ रेषा विशेष कामाची. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० घरांच्या सरळ पटावर प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार बैठका खेळवल्या आणि मुलांची आकड्यांची जाण सुधारली. पुढच्या प्रयोगात पट गोल केला तर तसा फायदा दिसला नाही. सोंगटी चारवरून दोन घरं पुढे नेताना ‘एक, दोन’ न म्हणता ‘पाच, सहा’ म्हणायचं, हाही त्यातला कळीचा भाग. तेव्हा असा खेळ निवडताना आवाज चालू करून ऐका. घराचा आकडा बोलला जातो की नुसती पावलं मोजली जातात? दुसऱ्या प्रकारचा असेल तर सोडून द्या.

वस्तू मोजताना तिची जी चूक होते, ती आकडे न येण्याची नाही. एका वस्तूला एकच आकडा, ही जोडी अजून बसलेली नाही. त्यासाठी असा खेळ हवा ज्यात वस्तूवर क्लिक केलं की ती बाजूला सरकते किंवा रंग बदलते आणि त्याच क्षणी एक आकडा बोलला जातो. सात सफरचंदं दाखवून खाली ५, ७, ८ असे पर्याय देणारा खेळ तिची परीक्षा घेतो, तिला मोजायला शिकवत नाही. आधी एका ओळीतल्या वस्तू, मग दोन ओळी, मग विखुरलेल्या, असा क्रम खेळात आहे का तेही पाहा.

खेळ हातात देण्याआधी मोठ्या माणसाने पंधरा-वीस मिनिटं स्वतः खेळून घ्यावा, आणि तोही मुद्दाम वाईट खेळावा:

मुद्दाम दहा उत्तरं चुकवा. चुकल्यावर काय होतं? पुष्कळ खेळांत बरोबर उत्तराला एक हिरवी खूण आणि चुकीच्या उत्तराला धपकन पडणारं माकड असतं. मुलांना माकड हवं असतं, ती मुद्दाम चुकवतात. चांगला खेळ चुकल्यावर शांतपणे तीच सफरचंदं एकेक करून मोजून दाखवतो आणि पुन्हा विचारतो.

स्क्रीनकडे न बघता एकाच जागी क्लिक करत राहा. तीन पर्याय असतील तर साधारण एक तृतीयांश उत्तरं अशीही बरोबर येतात. तेवढ्यावर जर खेळ पुढची पातळी उघडत असेल तर ‘लेव्हल १२ झाली’ याला काही अर्थ नाही.

घड्याळ लावा. प्रत्येक उत्तरानंतर २० सेकंदांचा फुगे-टाळ्यांचा सोहळा असेल आणि तो टाळता येत नसेल, तर १५ उत्तरांमागे पाच मिनिटं नुसती बघण्यात जातात.

शेवटी, मिनिटभर काहीच करू नका. खेळ एखादी सूचना देऊन थांबतो, की सारखा हाका मारतो? सारख्या हाका मारणारा खेळ विचार करायला वेळ लागणाऱ्या मुलाला घाईला लावतो आणि मग ते अंदाजपंचे क्लिक करतं.

खिडकीवाला

माऊससाठी थांबू नका, पण तिला थेट गणिताच्या खेळात बसवूही नका. माऊस जमत नसताना तिने चुकीच्या जागी क्लिक केलं तर ते मोजता न आल्यामुळे की हात हलल्यामुळे, हे ना तुम्हाला कळणार ना खेळाला.

तुमच्या मशिनवर पहिलं नाव जीकॉम्प्रिस. मोफत, मुक्त सॉफ्टवेअर, जाहिराती नाहीत, नेटशिवाय चालतं. २००० साली सुरू झालेला प्रकल्प आहे आणि २ ते १० वर्षं वयासाठी शंभराहून जास्त उपक्रम त्यात आहेत. ‘कॉम्प्युटरची ओळख’ या भागात माऊस शिकवण्याची उतरंड नीट लावलेली आहे. आधी नुसता माऊस फिरवून चौकोन पुसायचे आणि खालचं चित्र उघड करायचं, मग तेच एका क्लिकने, मग डबल क्लिकने. त्यानंतर पोहणाऱ्या माशांवर क्लिक करण्याचा खेळ. वस्तू धरून ओढण्याचे खेळ यानंतर द्या, कारण बटण दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी हात हलवायचा, हे या वयाला सगळ्यात जड जातं.

काही गोष्टी आधी करून ठेवा:

१. सेटिंगमध्ये अवघडपणाची चाळणी असते, १ ते ६ तारे. १ ते ३ तारे साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, ४ ते ६ त्यापुढच्यांसाठी. मुलीला १-२ वर ठेवा. चाळणी न लावता दिलं तर मुलं सगळी चित्रं उघडून बघतात आणि कशातच रमत नाहीत.

२. आवाजाच्या फाइल भाषेप्रमाणे वेगळ्या उतरतात. नेट बंद करायच्या आधी भाषा निवडून त्या उतरवून घ्या, नाहीतर अक्षरांचे खेळ मुके राहतील. पार्श्वसंगीत बंद ठेवा, बोललेला शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा.

३. जुन्या ग्राफिक्समुळे खिडकी काळी किंवा कोरी दिसली तर स्टार्ट मेनूमध्ये त्याचाच ‘सेफ मोड’वाला शॉर्टकट असतो, तो चालवा.

आता विंडोजची बाजू. मुलांसाठी वेगळं, ॲडमिन अधिकार नसलेलं खातं करा. लहान मुलं शिफ्टचं बटण बडवतात. ते पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडते, उजवं शिफ्ट आठ सेकंद धरलं की ‘फिल्टर कीज’ची. त्यात चुकून ‘हो’ झालं की कीबोर्ड बिघडल्यासारखा वागतो आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन्हींचे शॉर्टकट ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधून बंद करून टाका (विंडोज १० मध्ये ते ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ नावाखाली आहे). तिथेच माऊसचा बाण मोठा आणि ठळक रंगाचा करा.

कंट्रोल पॅनेलमधल्या माऊसच्या खिडकीत डबल क्लिकचा वेग कमी करा. ‘पॉइंटर ऑप्शन्स’च्या टॅबमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असली की हात जोरात हलवला तर बाण जास्तच लांब पळतो, आणि मुलांचे हात झटक्यानेच हलतात. ओढणं जमत नसेल तर त्याच खिडकीत ‘क्लिकलॉक’ आहे. बटण क्षणभर दाबून सोडलं की वस्तू पकडलेली राहते, पुन्हा क्लिक केलं की सुटते.

लॅपटॉपचं टचपॅड या वयाला देऊ नका. वायरचा, छोट्या आकाराचा माऊस घ्या. मोठा माऊस असेल तर मूल अख्खा तळवा टेकवून दोन्ही बटणं एकदम दाबतं, आणि उजव्या बटणाने भलताच मेनू उघडतो.

दुसरं नाव टक्स पेंट. चित्रकलेचं आहे, ३ ते १२ वयासाठी, २००२ पासून चालू आहे. फाइलला नाव न देता चित्र जतन होतं आणि छोट्या चित्रांच्या रूपात परत सापडतं, त्यामुळे वाचता न येणारं मूलही स्वतः उघडू शकतं. शिक्क्यांचा (तयार चित्रं उमटवण्याचा) संच वेगळा उतरवावा लागतो, तो विसरू नका. सोबतच्या ‘टक्स पेंट कॉन्फिग’मध्ये पूर्ण स्क्रीन चालू, छपाई बंद, साधे आकार चालू, बाहेर पडताना आपोआप जतन चालू, एवढं करा. ‘क्विट’चं बटणही तिथेच बंद करता येतं. मग मोठ्यांनी बाहेर पडायला ऑल्ट आणि एफ४ एकदम दाबायचं. माऊसवर हात बसवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण इथे चुकीची जागा नसतेच.

बाराखडी

वाचनाच्या खेळांबद्दल लिहिते. यात मोठा सापळा असा की खेळ अक्षराचं नाव आणि चित्र दाखवतो, मूल चित्रावरून शब्द ओळखतं आणि अक्षराकडे बघतच नाही. तपासणी सोपी आहे. चित्रावर कागदाचा तुकडा धरा आणि खेळून बघा. चित्र झाकल्यावरही खेळ खेळता आला आणि अक्षर बघावंच लागलं तर ठीक. चित्र झाकल्यावर खेळच संपला तर तो चित्रं ओळखण्याचा खेळ होता.

छोटीसाठी आवाज ऐकून अक्षर निवडण्याचा खेळ बघा. सुरुवातीला एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं एकत्र देणारा खेळ नको. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष या जोड्या पहिल्याच पातळीवर आल्या तर मूल गोंधळतं. पण या जोड्या कधीच येत नसतील तर तोही खेळ अर्धवट आहे, कारण खरा सराव तिथेच लागतो. मोठ्याला शब्द वाचायचे खेळ द्यायचे तर मात्रा-वेलांटी बदलल्यावर शब्द बदलतो (काका, काकी, काकू), हे करून बघायला लावणारा खेळ शोधा. अक्षर गिरवण्याचे खेळ माऊसवर व्यर्थ आहेत. माऊसने काढलेल्या वळणाचा पेन्सिलीच्या वळणाशी संबंध नसतो. ते काम पाटीवर किंवा कागदावर करा.

आणखी एक महत्त्वाचं. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठात विकसित झालेला ग्राफोगेम हा अक्षर आणि ध्वनी जोडण्याचा खेळ अनेक देशांत, अनेक भाषांत तपासला गेला आहे. त्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये आला. नुसता खेळ हातात दिल्याने शब्दवाचनावर सरासरी परिणाम जवळपास दिसला नाही. ज्या अभ्यासांत मोठं माणूस सोबत बसून बोलत होतं, तिथे फायदा दिसला. इतका विचारपूर्वक केलेला खेळही एकटा पुरत नाही. म्हणजे खेळ नुसते ‘टाकून द्यायचे’ हा विचार बदला. पंधरा मिनिटांतली निदान पाच शेजारी बसा. ‘बरोबर!’ म्हणायला खेळ आहेच, तुम्ही विचारायचं ते ‘हे कसं ओळखलंस?’

शून्य_ते_नऊ

मुलाबद्दल राहिलं. वीसच्या आतल्या बेरजा बोटांवर करतोय, तर टक्स मॅथ बघा. मोफत आहे, आकाशातून बेरजा पडत येतात आणि उत्तर टाइप करून एंटर दाबायचं. पर्याय नाहीत, त्यामुळे अंदाजाने काही होत नाही.

अंकगणिती

टक्स मॅथ आत्ताच नको, असं माझं स्पष्ट मत. पडणाऱ्या बेरजांचे खेळ जे येतं ते जलद करायला चांगले, जे येत नाही ते शिकायला वाईट. बोटांवर मोजणाऱ्या मुलाला वेळेचं दडपण आलं की ते आणखी घाईने बोटं मोजतं. नवीन रीत शोधत नाही. त्यात सात वर्षांच्या मुलाला आकड्यांची बटणं शोधण्यातच दोन-तीन सेकंद जातात आणि उत्तर येत असूनही बेरीज पडते.

आधी दहाच्या जोड्या (७ ला ३, ६ ला ४) पक्क्या होतील असा बिनवेळेचा खेळ द्या. मग ८ + ५ करताना पाचातले दोन आठाला देऊन १० + ३ करायचं. दहा घरांची चौकट दाखवणारा खेळ मिळाला तर हे डोळ्यांना दिसतं: आठ घरं भरलेली, दोन रिकामी. बोटं न लागता उत्तर आलं की मग टक्स मॅथ, तेही फक्त आलेल्या पातळीवर आणि सगळ्यात कमी वेगाने. लॅपटॉपला स्वतंत्र नंबरपॅड नसेल तर वरच्या ओळीतले आकडे शोधायचा सराव वेगळा करून घ्या.

शून्य_ते_नऊ

मान्य. दहाच्या जोड्या आधी, टक्स मॅथ नंतर.

पारिजात

फार उपयोगी माहिती. दोन गोष्टी अजून. एक, ब्राउझरमध्ये चालणारे मोफत खेळ आणि मोबाइल-टॅबवरची ॲप्स यांचं काय? दोन, मुलाला स्वतः खेळ बनवायचे आहेत, त्यासाठी काही आहे का?

खिडकीवाला

ब्राउझरमधले खेळ: ‘फ्लॅश प्लेअर टाका’ असं म्हणणारी कुठलीही साइट ताबडतोब बंद करा. फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. आज ते टाकायला सांगणारं बटण एकतर मेलेल्या पानावरचं असतं, नाहीतर त्यामागे व्हायरस असतो. मोफत खेळांच्या संग्रह-साइट्सवर ‘प्ले’ असं लिहिलेली तीन-चार बटणं दिसतात, त्यातलं एकच खरं असतं, बाकी जाहिराती. वाचता न येणाऱ्या मुलाला ते ओळखण्याचा काही मार्ग नाही, म्हणून लहानांना असल्या साइट्स नकोतच.

ॲप्स: प्ले स्टोअरवर इन्स्टॉलच्या बटणाजवळच ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमध्ये खरेदी’ असं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. ‘टीचर अप्रूव्ह्ड’चा बिल्ला २०२० पासून आहे, पहिली चाळणी म्हणून चालतो. मोफत म्हणून घेतलेल्या खेळात दहातले आठ धडे कुलूपबंद असतील तर मूल कुलपावरच बोट ठेवत राहतं. त्यापेक्षा एकदाच पैसे देऊन पूर्ण उघडणारं ॲप परवडतं. महिन्याची वर्गणी घ्यायची तर फुकट मुदत संपायच्या दोन दिवस आधीची आठवण लावून ठेवा. खरेदीला पासवर्ड सक्तीचा करा. मग एरोप्लेन मोड लावून ॲप उघडा. उघडलंच नाही तर तुमच्या कामाचं नाही.

खान अकॅडमी किड्स हे २ ते ८ वयासाठीचं ॲप पूर्ण मोफत आणि बिनजाहिरातीचं आहे, पण इंग्रजीची थोडी ओळख लागते. ॲपमधून मुलं बाहेर पडू नयेत म्हणून अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’, आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ वापरा.

खेळ बनवणं: स्क्रॅचज्युनियर ५ ते ७ वयासाठी आहे. सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून खेळ बनवायचा. ठोकळ्यांवर चित्रं असतात, वाचावं लागत नाही. एमआयटी आणि टफ्ट्स विद्यापीठाच्या मंडळींनी केलंय, मोफत आहे. मात्र ते टॅबवर चालतं, तुमच्या विंडोज लॅपटॉपवर त्याचं अधिकृत रूप नाही. मोठं स्क्रॅच विंडोज १० वर नेटशिवाय चालतं, पण ते ८ वर्षांपासून पुढे धरलंय. ठोकळ्यांवरचे शब्द वाचावे लागतात. वाचन अडखळत असेल तर वर्षभर थांबा, किंवा शेजारी बसून तुम्ही वाचा, त्याने जोडायचं.

बाराखडी

वेळेचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ३-४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितका बरा. त्या तासात टीव्ही आणि मोबाइलही धरायचा. खेळाला १५ मिनिटं भरपूर झाली. गजर वाजला की तोडू नका, हातातला डाव संपू द्या. त्यासाठी छोट्या डावांचे, दोन-तीन मिनिटांत संपणारे खेळच निवडा. न संपणारा खेळ बंद करताना रडारड ठरलेली.

एका वेळी दोनच खेळ ठेवा. दोन आठवड्यांनी स्क्रीन बंद करून छोटीसमोर शर्टाची सात बटणं पसरा आणि मोजायला सांगा, बोट ठेवून, एकेक बाजूला सरकवत. तिथे जमलं तर विखुरलेल्या वस्तूंची पातळी उघडा. खेळात जमतंय पण बटणांवर अडतंय, तर खेळात वस्तू आपोआप सरकतायत का ते बघा. तसं असेल तर वस्तू-आकड्याची जोडी खेळ लावतोय, ती नाही. मग पुन्हा ओळीतल्या वस्तूंवर या, आणि प्रत्येक क्लिकबरोबर आकडा तिला स्वतःला मोठ्याने म्हणायला लावा, खेळाचा आवाज बंद ठेवून.